वर्षाला दहा हजार किलोमीटर, बारा वर्षांचा वापर: छोटी गाडी घेताना वॉरंटीला किती महत्त्व द्यावे?

कृष्णाकाठ, वाई

नमस्कार. येत्या गुढीपाडव्याला नवी छोटी गाडी घ्यायचे आमच्या घरी ठरले आहे आणि गेले तीन आठवडे मी शोरूमच्या पायऱ्या चढते-उतरते आहे. रंग, पडद्याचा आकार, आसनांचे कापड यांबद्दल मला काही विचारायचे नाही. माझा प्रश्न वॉरंटीचा आहे, कारण ज्या गोष्टीची स्पष्ट माहिती मला सर्वांत आधी हवी होती, नेमकी तीच प्रत्येक विक्रेत्याने वेगवेगळ्या भाषेत सांगितली.

माझा वापर सांगते. मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे पसरणीचा घाट रोज एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा. रोजचे साधारण पंचवीस किलोमीटर, महिन्यातून एकदा पुण्याची खेप आणि सुट्टीत कोकणात किंवा माहेरी जाणे, असे सगळे धरून वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालते. निवृत्तीला अजून बारा वर्षे आहेत आणि तोवर दुसरी गाडी घेण्याचा विचार नाही. डावा गुडघा दुखावलेला असल्यामुळे डॉक्टरांनी क्लच टाळायला सांगितले आहे, म्हणून मारुतीची बलेनो किंवा टोयोटाची ग्लान्झा एएमटीमध्ये, नाहीतर होंडाची अमेझ सीव्हीटीमध्ये (दोन्ही क्लच पेडल नसलेले, आपोआप चालणारे गिअरबॉक्स), अशा तीन गाड्यांवर विचार येऊन थांबला आहे. मारुतीचे सेवा केंद्र घरापासून जवळ आहे. बाकीच्या दोन्हींसाठी मला साताऱ्याच्या बाजूला बरेच लांब जावे लागेल.

एक विक्रेता म्हणतो की त्याच्या गाडीला तीन वर्षे किलोमीटरची मर्यादाच नाही. दुसरा म्हणतो की तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर पुरेसे आहेत आणि वर पैसे भरले की सहा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. तिसऱ्याच्या मते वाढीव वॉरंटी दोन लाख वीस हजार किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे त्यांचीच गाडी सर्वांत टिकाऊ. हा शेवटचा युक्तिवाद मला पटला नाही, पण तो खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. जास्त वॉरंटी म्हणजे जास्त विश्वासार्ह गाडी, असे खरोखर म्हणता येते का? आमच्या आधीच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर वॉरंटी संपल्यानंतर दोनच महिन्यांनी बंद पडला होता आणि त्या वेळी सारा खर्च आम्हालाच करावा लागला. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कागदावरचा राहिलेला नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

मापन, चाकण

ताई, मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही निवडलेल्या तीन गाड्यांमध्येच दडलेले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

बलेनो आणि ग्लान्झा या मुळात एकच गाडी आहेत. मारुती सुझुकी ती बनवून टोयोटाला पुरवते. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पत्रा तोच. फरक पुढच्या जाळीचा, चिन्हाचा आणि थोड्याफार सजावटीचा. ग्लान्झा २०१९ च्या जूनमध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी होती. त्याच काळात बलेनोला दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर एवढीच वॉरंटी मिळत होती. मारुतीने आपली मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवर नेली ती ९ जुलै २०२४ पासून ग्राहकांच्या ताब्यात दिलेल्या गाड्यांना. म्हणजे पाच वर्षे एकाच यंत्राला दोन दुकानांत दोन वेगवेगळी आश्वासने मिळत होती, आणि त्या पाच वर्षांत ग्लान्झाचे लोखंड बलेनोच्या लोखंडापेक्षा जास्त टिकाऊ होते, असे कोणीही म्हणणार नाही. वॉरंटीची मुदत हा कंपनीचा व्यापारी निर्णय असतो. दुरुस्तीवर किती खर्च येईल याचा अंदाज त्यामागे असतोच, परंतु स्पर्धक काय देतो, ग्राहक कशाला भुलतो आणि नावाची प्रतिष्ठा किती, याचाही त्यात मोठा वाटा असतो.

दोष निघाला तोही दोन्हींत बरोबरच. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये बनलेल्या काही गाड्यांच्या एअरबॅग नियंत्रकात दोष असण्याची शक्यता दिसली, तेव्हा मारुतीने बलेनोसह निरनिराळ्या मॉडेलांच्या १७,३६२ गाड्या परत बोलावल्या आणि टोयोटाने ग्लान्झा व हायरायडर मिळून १,३९० गाड्या बोलावल्या.

आता तुमच्या दहा हजार किलोमीटरांकडे येऊ. वॉरंटीला वर्षांची आणि किलोमीटरची अशा दोन मर्यादा असतात आणि जी आधी गाठली जाईल ती लागू होते. तीन वर्षांत तुमची गाडी तीस हजार किलोमीटर चालेल, सहा वर्षांत साठ हजार. तेव्हा एक लाख, एक लाख साठ हजार, दोन लाख वीस हजार किंवा अमर्याद, यांपैकी कोणताही आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर टॅक्सी चालवणाऱ्याने तो पाहावा. तुमच्यासाठी फक्त वर्षे मोजायची. मारुतीची वाढीव वॉरंटी सहाव्या वर्षापर्यंत जाते, टोयोटाची पाचव्यापर्यंत आणि होंडाची सातव्यापर्यंत. दोन लाख वीस हजारांचा आकडा टोयोटाचा, म्हणजे विक्रेत्याने सांगितलेला सर्वांत मोठा आकडा तुमच्या बाबतीत सर्वांत कमी वर्षे देतो, हे लक्षात घ्या.

विश्वासार्हतेची आकडेवारी आपल्याकडे मिळत नाही, याचे एक साधे कारण आहे. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांसाठी होते आणि त्या काळात पीयूसी सोडल्यास कोणतीही सक्तीची तपासणी नसते. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते, त्यामुळे कोणत्या मॉडेलचा कोणता भाग कितव्या वर्षी खराब होतो याचे आकडे तेथे जमा होत जातात आणि प्रसिद्धही होतात. आपल्याकडे ही माहिती कंपन्यांच्या कपाटातच राहते. म्हणून मी आडमार्गाने जातो: इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी किती जुनी आहे ते पाहतो. अमेझची तिसरी पिढी डिसेंबर २०२४ मध्ये आली, पण १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि सीव्हीटी ही जोडी २०१८ च्या दुसऱ्या पिढीपासून तीच आहे. बलेनोचे चार सिलिंडरचे इंजिनही रस्त्यावर वर्षानुवर्षे घासून निघालेले आहे. याउलट नवे इंजिन आणि नवा गिअरबॉक्स एकाच वेळी आणणाऱ्या गाडीचे पहिले वर्ष मी स्वतः टाळतो, तिची वॉरंटी कितीही लांब असली तरी. कारण पहिल्या वर्षी निघणाऱ्या दोषांचे पैसे वॉरंटी भरून देते, पण कार्यशाळेत घातलेले दिवस परत देत नाही.

---

जुना कार्यव्यवस्थापक, पिंपरी-चिंचवड

मी सव्वीस वर्षे अधिकृत कार्यशाळांत काम केले, त्यांतील शेवटची नऊ वर्षे वॉरंटीचे दावे पाहण्यात गेली. वरच्या उत्तराशी सहमत आहे. मुदतीबद्दल सर्वजण बोलतात; त्या मुदतीत काय नाकारले जाते याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो.

वॉरंटी म्हणजे निर्मितीतील दोष दुरुस्त करून देण्याचे आश्वासन. जे भाग वापराने झिजणारच, ते तिच्यात येत नाहीत: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरे, फिल्टर, तेल, बल्ब. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या उत्पादकाची असते आणि तिचे नियम वेगळे असतात. ही यादी वॉरंटीच्या पुस्तिकेत छापलेली असते, पण गाडी घेताना ती वाचणारा ग्राहक मला सव्वीस वर्षांत क्वचितच भेटला. शोरूममध्ये बसल्या बसल्या ती पुस्तिका मागा. वाढीव वॉरंटीची पुस्तिका वेगळी असते आणि तिच्यातून वगळलेल्या भागांची यादी मूळ वॉरंटीपेक्षा मोठी असू शकते. झाकणारे रबरी भाग, बुश, सस्पेन्शनमधील काही भाग यांच्याबद्दल तिच्यात काय लिहिले आहे ते विशेषतः पाहा, कारण घाटातल्या खड्ड्यांत पहिली तक्रार तेथूनच येते.

दावे नाकारले जाण्याची मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली कारणे दोन. पहिले, वायरिंगला बाहेरून लावलेला हात. स्वस्तात मिळतो म्हणून बाहेर बसवलेला म्युझिक सिस्टिम, जादा दिवे, मोठा हॉर्न किंवा गॅसचे किट यांसाठी मूळ वायर कापली, की विजेशी संबंधित पुढचा प्रत्येक दावा संशयाने पाहिला जातो. दुसरे कारण तुमच्यासारख्या कमी वापर असणाऱ्यांना नेमके भोवते. सर्व्हिस ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक महिन्यांना, जे आधी होईल तेव्हा करायची असते. मारुतीची पहिली मोफत सर्व्हिस एक हजार किलोमीटर किंवा एक महिन्याला, दुसरी पाच हजार किंवा सहा महिन्यांना आणि तिसरी दहा हजार किंवा बारा महिन्यांना असते. गाडी आठ हजारच चालली आहे, दहा हजार झाले की नेऊ, असे म्हणणाऱ्या कितीतरी सज्जन माणसांना मी नाइलाजाने नकार कळवला आहे. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तक्रार नोंदवण्याची पद्धतही सांगतो. काउंटरवर तोंडी सांगितलेली तक्रार नोंदलीच जात नाही. सल्लागार जॉब कार्डावर सामान्य तपासणी असे लिहितो आणि मोकळा होतो. तुम्ही त्याला तुमच्याच शब्दांत लिहायला लावा: सकाळी थंड इंजिनवर पहिल्या चढाला गिअर बदलताना धक्का बसतो, अमुक किलोमीटरला सुरू झाले. आवाज असेल तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि तंत्रज्ञाला सोबत घेऊन चक्कर मारा. वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेला आणि न सुटलेला दोष मुदत संपल्यानंतरही तुमच्या बाजूने बोलतो, पण त्यासाठी तो कागदावर असावा लागतो. मुदत संपल्यानंतर लगेच मोठा भाग बंद पडला आणि सर्व सर्व्हिस वेळेवर अधिकृत ठिकाणी झालेल्या असल्या, तर कंपनी सद्भावनेपोटी खर्चाचा काही वाटा उचलते. तो तुमचा हक्क नसतो, पण लेखी विनंती केल्याशिवाय मिळतही नाही. तुमच्या एसी कॉम्प्रेसरच्या वेळी कोणी हे सांगितले असते, तर निदान अर्ज तरी करता आला असता, याचे मला वाईट वाटते.

---

वाशिष्ठी, चिपळूण

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मला फक्त एका गैरसमजाबद्दल सांगायचे आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात आमची चौदा महिन्यांची गाडी डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होती. गाडी वॉरंटीत आहे, हेच मी दोन दिवस सर्वांना सांगत होतो. पुराचे पाणी हा निर्मितीतील दोष नव्हे, त्यामुळे वॉरंटीचा तेथे काहीही संबंध येत नाही, हे कार्यशाळेने सांगेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. जे मिळाले ते विम्यातून. गाडी पूर्ण निकामी ठरली. पण विमा दुसऱ्या वर्षाचा होता आणि एक वर्ष पूर्ण झालेल्या गाडीची विमाकृत किंमत वीस टक्के घसारा वजा करून धरली जाते. त्यात रस्ता कर आणि नोंदणीचा खर्चही धरलेला नव्हता. मूळ बीजकाएवढी रक्कम देणारे जोडकलम मी थोडे पैसे वाचवण्यासाठी घेतले नव्हते. कर्जाचे हप्ते मात्र मूळ किमतीवरच चालू होते.

वाईला कृष्णाकाठी पावसाळ्यात पाणी कोठवर येते ते तुम्हाला ठाऊक असेलच. गाडीच्या तळाशी पाणी असताना ती सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ना वॉरंटी कामाला येते ना साधा सर्वसमावेशक विमा. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. उंदराने वायरी कुरतडल्या तरी तेच, तो दावाही विम्याकडेच न्यावा लागतो. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घेणे बंधनकारक आहे, पण तो शोरूमनेच दिला पाहिजे असा नियम नाही. दोन-तीन ठिकाणची दरपत्रके मागवून जोडकलमांसह तुलना करा. वाढीव वॉरंटीवर खर्च करायला जेवढा विचार करता आहात, तेवढाच येथेही करा.

---

नागपूरकर वकील

मापन यांच्या एका विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. मुदत हा व्यापारी निर्णय असतो हे मान्य. पण आश्वासन देणारा टिकून राहील का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सेवा आणि सुटे भाग पुढेही मिळतील असे दोघांनीही सांगितले होते, पण विक्री थांबली की लहान गावातले सेवा केंद्र चालवणे मालकाला परवडत नाही. बारा वर्षे गाडी ठेवणाऱ्याने म्हणून वॉरंटीच्या कागदाइतकाच कंपनीचा येथील पसारा पाहावा. तुमच्या यादीतील तिन्ही नावांबद्दल मला आज तशी भीती वाटत नाही, परंतु घरापासूनचे अंतर हा मुद्दा तुम्ही स्वतःच मांडला आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तीन-चार वेळा लांब जावे लागले की चौथ्या सर्व्हिसला माणूस जवळच्या गॅरेजकडे वळतो आणि वाढीव वॉरंटीची अट तेथेच मोडते.

गाडी परत बोलावणे आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नोंदवतो. मार्च २०२४ मध्ये मारुतीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन आर इंधन पंपाच्या मोटरमधील संभाव्य दोषामुळे परत बोलावल्या. त्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या होत्या, म्हणजे त्यांची मूळ दोन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपलेली होती, तरीही भाग विनामूल्य बदलून द्यायचा होता. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारलाही मिळाला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून आपली गाडी यादीत आहे का, ते पाहता येते. वर्षातून एकदा पाहत जा, विशेषतः पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला असेल तर.

वाद झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते; विक्रेता पुण्याचा आहे म्हणून पुण्याला जावे लागत नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. ग्राहक आयोगासमोर जॉब कार्डांना किती महत्त्व येते हे मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे वरील कार्यव्यवस्थापकांचा सल्ला कृपया शब्दशः पाळा.

---

कृष्णाकाठ, वाई

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे छापून मी ती घेऊनच शनिवारी पुन्हा शोरूममध्ये गेले आणि तीनही ठिकाणी वाढीव वॉरंटीची पुस्तिका मागितली. एका ठिकाणी ती लगेच मिळाली, दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या तासाने. तिसऱ्या ठिकाणी पुस्तिका गाडीसोबतच मिळते असे सांगण्यात आले, तेव्हा मी शांतपणे म्हटले की मग तिचे पैसेही गाडी मिळाल्यावरच ठरवू.

किलोमीटरचा हिशेब वाचून तर मला माझेच आश्चर्य वाटले. मी मुलांना शेकडेवारी शिकवते आणि माझ्याच वापराला तीनाने गुणायचे मला सुचले नव्हते. आता मी फक्त वर्षे पाहते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, घाटात रोज चालवायची म्हटल्यावर एएमटी आणि सीव्हीटी यांपैकी कोणत्या गिअरबॉक्ससाठी वाढीव वॉरंटीचा उपयोग अधिक? दुसरी, एका शोरूमने गेल्या वर्षी बनलेली गाडी बऱ्यापैकी सवलतीत देऊ केली आहे. वॉरंटी ताबा मिळाल्यापासूनच सुरू होते, मग ती घ्यायला हरकत काय, असे त्यांचे म्हणणे आहे.

---

जुना कार्यव्यवस्थापक, पिंपरी-चिंचवड

पहिल्या शंकेचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. एएमटी म्हणजे नेहमीचाच हाताने बदलायचा गिअरबॉक्स, ज्याचा क्लच आणि गिअर तुमच्या पायाऐवजी एक यंत्रणा हलवते. त्यामुळे त्याची क्लच प्लेटही नेहमीसारखीच झिजते. पसरणीच्या चढावर एखाद्या बसमागे अडकून इंचाइंचाने पुढे सरकताना गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरली, तर प्लेट अर्धवट टेकून तापत राहते आणि लवकर संपते. ती झिजणारा भाग म्हणून वॉरंटीबाहेर असते; पण क्लच हलवणारी यंत्रणा बिघडली तर ती सामान्यतः वॉरंटीत येते. तुम्ही चढावर थांबताना नेहमी ब्रेक वापरा आणि पुढच्या वाहनाने पुरेशी जागा केल्यावरच निघा, एवढ्या सवयीने प्लेटचे आयुष्य खूप वाढते.

सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो आणि चढावर ती फार मऊ चालते. तुमच्या गुडघ्याला आणि तुमच्या रस्त्याला ती अधिक सुखाची वाटेल. तिचे तेल ठरलेल्या वेळी आणि कंपनीने सांगितलेलेच बदलावे लागते. मात्र आत बिघाड झाला, तर गावातल्या गॅरेजमध्ये ती सहसा उघडली जात नाही, पूर्ण जुळणीच बदलण्याची वेळ येते आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून माझे मत असे: एएमटी घेतलीत तर वाढीव वॉरंटी चांगली, सीव्हीटी घेतलीत तर ती आवश्यक, आणि तीही मिळेल तितकी शेवटच्या वर्षापर्यंतची. पटले नाही तर स्वतः पडताळा घ्या. सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची जुळणी, इंजिनचा संगणक आणि गिअरबॉक्स यांच्या किमती विचारा आणि त्यांच्याशेजारी वाढीव वॉरंटीची रक्कम मांडा. ती रक्कम गाडी घेतानाच भरली तर बहुधा कमी असते, मुदत संपत आली की वाढते.

गेल्या वर्षीच्या गाडीबद्दल शोरूम सांगते ते वॉरंटीपुरते खरे आहे. पण उभी राहिलेली गाडीही म्हातारी होतेच. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो. विकताना किंमत ठरते ती नोंदणी पुस्तकातील निर्मितीच्या वर्षावरून. तुम्ही बारा वर्षे वापरणार असल्याने विक्रीच्या किमतीचा मुद्दा तुमच्यासाठी हलका आहे, त्यामुळे सवलत खरोखर भरघोस असेल तर मी नाही म्हणणार नाही. मात्र चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिना पक्का करून घ्या आणि टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. गाडी सहा महिन्यांपेक्षा जास्त उभी असेल तर नवी बॅटरी लेखी मागा.

आता पाडव्याबद्दल. त्या दिवशी एकेका शोरूममधून डझनांनी गाड्या बाहेर पडतात, पूजेची घाई असते, आणि ताबा देण्यापूर्वीची तपासणी कागदावरच उरकली जाते. मी स्वतः त्या गर्दीत काम केले आहे, म्हणून सांगतो. तुम्ही पाडव्याच्या तीन-चार दिवस आधी, नोंदणी होण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात गाडी पाहायला जा आणि चासी क्रमांक लिहून आणा. किलोमीटरचा आकडा, रंगाची एखाद्या दारावरची वेगळी छटा, काचांवरचे निर्मितीचे शिक्के, एसी, सर्व काचा, मागे घेतानाचा कॅमेरा आणि जादा चाक पाहा. थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवा आणि खाली कोठे थेंब पडतो का ते वाकून बघा. गुडघ्यामुळे वाकणे जमत नसेल तर घरातील कोणाला तरी सोबत न्या. काही आढळले तर नोंदणी थांबवण्याचा हक्क त्या वेळी तुमच्याकडे असतो, एकदा क्रमांक पडला की तो हक्क उरत नाही. पाडव्याला मग त्याच चासी क्रमांकाची गाडी समोर आहे ना, एवढे जुळवा आणि पूजा करून घरी न्या.

---

कृष्णाकाठ, वाई

चासी क्रमांक लिहायला वही काढून ठेवली आहे. आज संध्याकाळी सुट्या भागांच्या काउंटरवरून किमतीही घेऊन आले. सीव्हीटीच्या पूर्ण जुळणीचा आकडा ऐकल्यावर, अमेझ घेतली तर सात वर्षांची वॉरंटी घेतल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, असे यजमान स्वतःहून म्हणाले. बलेनो की अमेझ, हे मात्र अजून ठरायचे आहे. येत्या रविवारी दोन्ही गाड्या चाचणीसाठी पसरणीच्या घाटातूनच चालवायला मागितल्या आहेत. एका शोरूमने होकार दिला आहे, दुसऱ्याचा निरोप उद्या यायचा आहे.